सांबऱ्याचा तळ आणि जेट विमानांचा लळा

मराठीत ‘लळा’ हा शब्द फार संकोची आहे. ‘लागणे’ आणि ‘लावणे’ या दोन क्रियापदांच्या सोबतीशिवाय तो बहुधा बाहेर पडत नाही, आणि लागतो तो मुलाचा, पाडसाचा, दारच्या गाईवासराचा. यंत्राचा लळा लागला असे कोणी लिहिले तर भाषेच्या जाणकाराला ते किंचित खटकेल; यंत्राची आवड असते, फार तर हौस असते. तथापि लढाऊ जेट विमाने चालविलेल्या वैमानिकांच्या आठवणी वाचू लागलो की ‘आवड’ हा शब्द अपुरा पडतो. त्यातही विशेष हे की, आज्ञाधारक आणि सोप्या विमानापेक्षा हट्टी, चुकीला क्षमा न करणाऱ्या विमानाचाच लळा त्यांना अधिक लागलेला दिसतो. ही निव्वळ मनोव्यापाराची गंमत असती तर तिची दखल इतिहासाने घेण्याचे कारण नव्हते. परंतु या लळ्याला स्वतंत्र भारताच्या वायुदलात फार मोठी किंमत मोजली गेली आहे, आणि त्या कथेचे एक पान बेळगावच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर असलेल्या सांबरा गावच्या माळावर उघडते.

सांबऱ्याचा विमानतळ १९४२ मध्ये ब्रिटिश वायुदलाने बांधला. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचल्या होत्या आणि आग्नेय आशियाच्या आघाडीला पाठबळ देण्यासाठी हिंदुस्थानात जागोजागी धावपट्ट्या तयार होत होत्या. सांबऱ्याची धावपट्टी त्यांतलीच एक. जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली दिसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीचे हे पठार पूर्वेकडे सपाट होत जाते आणि पश्चिमेकडे थोड्याच अंतरावर सह्याद्रीच्या कड्यावरून एकदम कोकणात आणि गोव्यात कोसळते. भूगोलाच्या शिक्षकाला हा फरक नकाशावरील रंगांत दाखविता येतो. वैमानिकाला तो यंत्राच्या आवाजात कळतो. पठारावरची हवा समुद्रकाठच्या हवेहून विरळ असते, म्हणून इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल ही दोन्ही थोडी कमी पडतात, आणि उडण्यापूर्वी विमानाला जास्त धाव घ्यावी लागते. अलीकडच्या विस्तारानंतर ही धावपट्टी २३०० मीटर झाली आहे. त्यापूर्वी ती सुमारे १८०० मीटर होती. ज्या काळाविषयी आपण बोलत आहो त्या काळच्या जेट विमानाला, तेही शस्त्रांनी लादलेल्या, एवढी लांबी ऐसपैस म्हणता येणार नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये या तळाला अचानक महत्त्व आले. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सैनिकी कारवाईचा निर्णय झाला. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी पायदळ डिव्हिजन बेळगावच्या परिसरात गोळा झाली आणि वायुदलाच्या कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे आली. त्यांनी पुणे आणि सांबरा हे दोन तळ मुख्य धरले. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली, दाभोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड बाँब टाकले. विमानतळाची इमारत मात्र शाबूत ठेवावयाची, अशी स्पष्ट आज्ञा होती. त्याच दिवशी १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या सहा हंटर विमानांनी स्क्वाड्रन लीडर जयवंत सिंग यांच्यामागून जाऊन बांबोळीचे बिनतारी केंद्र अग्निबाण आणि तोफांनी निकामी केले. सांबऱ्यापासून बांबोळी सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. हंटरच्या वेगाने हे अंतर सहा-सात मिनिटांचे. बेळगावहून अनमोडचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरून पणजीला जाताना मोटारीत जो वेळ जातो, त्याच्याशी तुलना केली की जेट म्हणजे काय हे त्या वेळी येथील माणसाला प्रथमच समजले असेल.

इतिहास म्हणून एक गोष्ट येथे स्वच्छ सांगितली पाहिजे. गोव्यात पोर्तुगिजांकडे एकही लढाऊ विमान नव्हते. आकाश मोकळे होते. त्यामुळे या मोहिमेला जेट विमानांची कसोटी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पायदळाच्या मदतीसाठी ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर विमाने आकाशात घिरट्या घालीत होती, परंतु त्यांना फारसे काम पडले नाही. उलट त्यांतल्या दोन विमानांनी चुकून आपल्याच दुसऱ्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ठाण्यांवर अग्निबाण सोडले आणि दोन जवान जखमी झाले. या चुकीचा उल्लेख टाळण्याकडे उत्सवी लेखनाचा कल असतो. मला ती महत्त्वाची वाटते. तासाला सहाशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या माणसाला खालची लाल माती, काजूची झाडे आणि त्यांच्याआड सरकणारे शिपाई किती क्षण दिसत असतील? जेट विमान चालविणे अवघड म्हणजे केवळ ते हवेत धरून ठेवणे अवघड, असे नव्हे. माणसाच्या नजरेपेक्षा आणि विचारापेक्षा वेगाने धावणाऱ्या वस्तूवर बसून विचार करीत राहणे, हे अवघड.

त्या डिसेंबरात सह्याद्रीच्या या पट्ट्यावर वावरलेली ही दोन विमाने, हंटर आणि व्हॅम्पायर, स्वभावाने अगदी निराळी होती. आधी व्हॅम्पायरकडे वळू. कारण भारतीय वैमानिकांना जेटचा पहिला लळा लावला तो त्याने.

व्हॅम्पायर इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात तयार केले. त्याचे पहिले उड्डाण २० सप्टेंबर १९४३ रोजी झाले. भारतात त्याची पहिली तीन विमाने नोव्हेंबर १९४८ मध्ये आली आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्याने ती बनू लागली. आजच्या वाचकाला नवल वाटेल, पण या जेट विमानाच्या पोटाचा पुढचा भाग लाकडी होता: प्लायवूडच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड. मागे एका शेपटाऐवजी दोन दांडे, मधोमध इंजिन, आणि वैमानिक जमिनीच्या इतका जवळ की उभ्या माणसाच्या डोळ्यांत सहज डोळे घालावेत. दिसायला खेळण्यासारखे. पुष्कळ वैमानिकांनी ते गोड विमान म्हणून गौरविले आहे, आणि हवेत त्याचा स्वभाव खरोखरच मोकळा व चपळ होता.

पण आपल्याकडे बैल विकत घेताना दात पाहतात तशी ‘खोड’ही विचारतात, व्हॅम्पायरला खोडी होत्या. पहिली खोड सर्व आरंभीच्या जेट इंजिनांची. पंख्याच्या इंजिनाला कळ दिली की ते तत्काळ जोर धरते. या ‘गॉब्लिन’ नावाच्या इंजिनाची गती एकदा मंद झाली की ती पुन्हा वाढावयास काही सेकंद लागत. उतरताना वैमानिकाने कळ फार मागे ओढली, आणि धावपट्टी अजून दूर आहे हे त्याच्या उशिरा लक्षात आले, तर त्या काही सेकंदांचे मोल प्राणाइतके होते. म्हणजे या विमानावर बसणाऱ्याने पाच सेकंद पुढे जगावयास शिकले पाहिजे. दुसरी खोड वेगाची. ध्वनीच्या वेगाच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेले की ते थरथरू लागे आणि नाक कोणीकडे वळवील याचा नेम नसे. तिसरी गोष्ट तर खोड नव्हे, उणीवच होती. एका आसनाच्या व्हॅम्पायरमध्ये इजेक्शन सीट, म्हणजे संकटसमयी वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी योजना, नव्हती. विमान सोडावयाचे तर छत उघडून, पट्टे सोडून, मागच्या दोन दांड्यांमधील आडव्या शेपटीचा तडाखा चुकवून उडी मारावयाची.

येथे थोडे विषयांतर करतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागात गाड्यांच्या शर्यतींचा नाद जुना आहे, आणि शर्यतीच्या खिलार बैलाविषयी त्याचा मालक कसा बोलतो हे ज्याने ऐकले असेल त्याला वैमानिकांचे बोलणे परके वाटणार नाही. गरीब बैल शेतकऱ्याला उपयोगी पडतो. त्याच्याविषयी कृतज्ञता असते. परंतु ज्याच्या पाठीवर हात ठेवताच कातडी थरारते, जो परक्याला जवळ येऊ देत नाही, आणि ज्याच्या शिंगाची एक खूण धन्याच्या बरगडीवर कायमची आहे, त्याचे नाव तो शेतकरी सांगतो, त्याच्या सवयी सांगतो, तो कोणत्या कानाने ऐकतो हेही सांगतो. कारण त्या जनावराने त्याला सतत लक्ष द्यावयास लावलेले असते. लळ्याचे मूळ येथे आहे असे मला वाटते. ज्याच्याकडे दुर्लक्ष करून चालते त्याचा परिचय होत नाही, आणि परिचयावाचून लळा लागत नाही. जुन्या शालिहोत्रांत घोड्यांची लक्षणे आणि खोडी यांची मोठी प्रकरणे असतात. इंग्रजांच्या काळापासून प्रत्येक विमानाबरोबर वैमानिकासाठी जी पुस्तिका येते ती वस्तुतः एक शालिहोत्रच आहे: अमुक वेगाखाली वळू नये, अमुक वेगापुढे नाक खाली झुकल्यास अमुक करावे. शालिहोत्र वाचून मांड पक्की होत नाही, एवढाच त्यातला बोध. तो दोन्हीकडे सारखा.

ही तुलना फार ताणू नये. बैल बिथरला तर धनी बाजूला होऊ शकतो. व्हॅम्पायरवरच्या वैमानिकाला तशी सोय जवळजवळ नव्हती.

गोव्याच्या आकाशात ज्या ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला काम पडले नाही, तिला चार वर्षांनी पडले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानच्या रणगाड्यांनी छांबच्या बाजूने मुसंडी मारली. अखनूरचा पूल हातचा गेला तर काश्मीरकडे जाणारी वाट तुटणार होती. दुपार उलटल्यावर लष्कराने वायुदलाची मदत मागितली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि वायुदलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग यांच्या भेटीत काही मिनिटांत निर्णय झाला. सूर्यास्त जवळ आला होता. पठाणकोटच्या तळावर जी विमाने सिद्ध होती ती पाठविणे भाग होते. त्यांत व्हॅम्पायर होती. चार-चारांच्या तीन फळ्यांनी बारा व्हॅम्पायर निघाली. इंग्लंडमध्ये बावीस वर्षांपूर्वी जन्मलेले, लाकडी पोटाचे, ध्वनीच्या वेगापासून पुष्कळच मागे राहणारे हे विमान खालच्या तोफांचा आणि वरच्या अमेरिकी सेबर विमानांचा सामना करावयास गेले. चार व्हॅम्पायर पडली. फ्लाइट लेफ्टनंट एस. व्ही. पाठक हवाई छत्रीने उतरून वाचले. फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवत, फ्लाइट लेफ्टनंट व्ही. एम. जोशी आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. भारद्वाज परत आले नाहीत. भागवत, जोशी, पाठक ही आडनावे मराठी वाचकाला आपल्या वर्गातील हजेरीपटावरची वाटावीत अशी आहेत. त्या दिवसानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेण्यात आले.

या प्रसंगावर दोन प्रकारांनी लिहिले जाते. एक, वैमानिकांच्या शौर्याचे पोवाडे. दुसरे, जुनी विमाने पाठविणाऱ्यांवर ताशेरे. दोहोंपैकी एकही लिहिण्याची माझी इच्छा नाही. चव्हाणांनी त्या युद्धाच्या दिवसांत दैनंदिनी लिहिली होती आणि पुढे राम प्रधान यांनी ती प्रसिद्धीस आणली, हे अभ्यासकांना माहीत आहे. निर्णय घेणाऱ्याच्या मनावरचा भार तेथून समजून घेता येतो. मला एवढेच नोंदवावयाचे आहे की, वैमानिकाला विमानाचा लळा असणे आणि राष्ट्राने ते विमान त्याच्या वयापलीकडे वापरणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. भागवत आणि जोशी व्हॅम्पायरवर गेले ते प्रेमापोटी नव्हे. साधने थोडी होती म्हणून गेले. मात्र त्या विमानाच्या खोडी ते ओळखून होते, आणि ती ओळखच त्यांच्यापाशी असलेले मुख्य कवच होते, हेही तितकेच खरे.

हंटरची गोष्ट निराळी. सिडनी कॅम या रचनाकाराचे हे विमान २० जुलै १९५१ रोजी प्रथम उडाले, आणि १९५३ मध्ये नेव्हिल ड्यूक यांनी त्याच्या एका आवृत्तीवर ताशी सुमारे ११७१ किलोमीटर वेगाचा जागतिक उच्चांक केला. भारताने १९५७ मध्ये १६० हंटरांची मागणी नोंदविली. देखणेपणाविषयी वैमानिकांत सहसा एकमत होत नाही, हंटरविषयी ते झाले. त्यालाही आरंभी खोड होतीच: चार तोफा एकदम झडल्या की त्यांचा धूर इंजिनात ओढला जाई आणि इंजिन गुदमरे. पुढील आवृत्त्यांत तो दोष गेला. भारतात आलेली विमाने त्या सुधारलेल्या पिढीची होती. हलकी बुडी मारली की हंटर ध्वनीचा वेग ओलांडी, आणि खाली गावांत तोफेसारखा आवाज होई. या विमानाला मी अवघड म्हणणार नाही, घरंदाज म्हणेन. घरंदाज जनावर सुद्धा मूर्ख स्वार सहन करीत नाही, इतकेच. भारतीय वायुदलात त्याची सेवा चाळीस वर्षांहून अधिक टिकली. ज्या यंत्राचा सहवास वैमानिकांच्या दोन पिढ्यांना मिळाला त्याच्याविषयी लिहिले-बोललेले विपुल असावे यात नवल नाही. आणि विपुल आहे म्हणूनच त्यात फार शिरत नाही.

याच पिढीतील एक वैमानिक म्हणजे दिलीप कमलाकर परुळकर. १९६३ मध्ये ते वायुदलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. विमान सोडून उडी घे, असा सल्ला त्यांना आपल्या नेत्याकडून मिळाला. त्यांनी तो मानला नाही. जखमी हाताने ते मोडके विमान तळावर आणून उतरविले. वायुसेना पदक त्यांना मिळाले ते याबद्दल. विमान परत आणण्याचा हा हट्ट कशाचा होता? कर्तव्याचा, असे पदकपत्र म्हणणार. तरुण रक्ताचा, असे घरचे म्हणतील. मला त्यात तिसरीही एक गोष्ट दिसते. ज्या वैमानिकाला आपल्या विमानाच्या अंगाची खात्री असते, ते किती जखमी असताना किती वेळ साथ देईल याचा अंदाज ज्याच्या हातांना असतो, तोच असा निर्णय घेऊ शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो अविचार वाटतो. आत बसलेल्याच्या दृष्टीने तो हिशेब असतो.

परुळकर पुढे सुखोई-७ या रशियन विमानावर गेले. १९६८ पासून भारतात आलेल्या आणि सहा स्क्वाड्रनांना मिळालेल्या या विमानाइतके हट्टी विमान भारतीय वायुदलात क्वचित आले असेल. आकाराने अवाढव्य, पंख मागे इतके झुकलेले की संथ गतीने उडणे त्याच्या प्रकृतीतच नव्हते. धावपट्टीवर ते ज्या वेगाने उतरे तो वेग जुन्या काळच्या पुष्कळ विमानांना उडतानाही माहीत नव्हता, आणि शेपटीकडून छत्री उघडल्याशिवाय त्याला आवरणे कठीण. इंजिन जबरदस्त आणि अधाशी. इंजिनाच्या मागच्या टोकाला जास्तीचे इंधन पेटवून जोर वाढविण्याची जी आफ्टरबर्नरची योजना असते, ती लावली की टाकीतले इंधन पाहता पाहता संपे. म्हणून सुखोई-७ च्या वैमानिकाची एक नजर शत्रूवर आणि एक इंधनाच्या काट्यावर. शत्रूच्या मुलुखात फार आत जाणे नाही, फार वेळ थांबणे नाही. शिवाय पुढे पाहावयास खिडकी तोकडी आणि मागचे तर दिसेचना.

एवढे असूनही सुखोई-७ वर जे उडाले ते त्याच्याविषयी अभिमानाने बोलतात. कारण ते मोडत नसे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात शत्रूच्या क्षेपणास्त्राने शेपटीकडचा भाग फाडून टाकलेले एक सुखोई-७ तळावर परतले. त्याच्या त्या विदीर्ण शेपटीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जमिनीलगत झाडांच्या शेंड्यांवरून नेले तरी ते रुळावरच्या गाडीसारखे स्थिर चाले. म्हणजे एका हाताने जे मागे त्याहून अधिक दुसऱ्या हाताने देई. कठीण स्वभावाच्या माणसाशी मैत्री जुळते ती अशाच व्यवहारावर.

त्या युद्धात सुखोई-७ ची सुमारे पंधराशे उड्डाणे झाली आणि चौदा विमाने गेली. जमिनीवरील लक्ष्यांवर खालून, दिवसाउजेडी हल्ले करणाऱ्या विमानाला हा तोटा चुकत नसतो. ५ डिसेंबर रोजी ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे शोरकोटच्या विमानतळावरील हल्ल्यात गेले. पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या नावांत त्यांच्या नावाशी मिळते नाव छापून आले. परंतु युद्धबंदी परत आले तेव्हा त्यांत ते नव्हते. भारत सरकारच्या बेपत्ता सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव राहिले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी पुढील अनेक दशके पतीचा शोध चालू ठेवला. पाकिस्तानातील तुरुंगांपर्यंत तो शोध गेला. विमानाचा लळा हा शब्द या घराच्या दारात उच्चारताना जीभ अडखळते, आणि ती अडखळावी.

परुळकरांचे विमान १० डिसेंबरला जफरवालजवळ पडले. ते २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे. इजेक्शन सीटने वाचले, आणि युद्धबंदी झाले. व्हॅम्पायरच्या वैमानिकाला जे नव्हते ते सुखोईच्या वैमानिकाला होते, या एका फरकावर पुढची सारी कथा उभी आहे. १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री परुळकर, मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून बाहेर पडले. पेशावर, जमरूद, लंडी कोटल. अफगाण सरहद्द केवळ काही मैलांवर राहिली असता, कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या लंडी खाना या रेल्वे स्थानकाची वाट त्यांनी विचारली, आणि तेवढ्यावरून संशय येऊन ते पकडले गेले. ज्या नकाशाने त्यांना तेथवर आणले तो जुना होता. युद्धबंद्यांची सुटका १ डिसेंबर १९७२ रोजी झाली. परुळकर ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात वारले. या पलायनाची सविस्तर हकीकत फेथ जॉन्स्टन या कॅनडातील लेखिकेने इंग्रजीत लिहिली आहे.

मिग-२१ विषयी थोडक्यात. १९६३ मध्ये आलेले हे विमान नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात शेकड्यांनी बनले; ओझर, पिंपळगाव, निफाड येथील द्राक्षबागांवरून त्याचे चाचणी-उड्डाण नित्याचे झाले. लहान त्रिकोणी पंख, प्रचंड वेग, आणि उतरताना किंचितही ढिलाई न खपविणारा स्वभाव. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे भारताने घेतलेल्या सर्व जातींच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना त्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत अपघात झाले होते आणि १७१ वैमानिकांचे प्राण गेले होते. हे आकडे वाचल्यावर ‘उडती शवपेटी’ हे वृत्तपत्री नाव अन्यायाचे वाटत नाही. तरी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ चे अखेरचे उड्डाण झाले तेव्हा ते चालविलेले वृद्ध वैमानिक लांबून निरोपाला आले होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. अपघातांची कारणे केवळ यंत्रात नव्हती. प्रशिक्षणासाठी मधल्या पायरीचे जेट विमान वर्षानुवर्षे नव्हते, आणि तरुण वैमानिक संथ विमानावरून सरळ मिगवर बसविले जात. खोडकर घोडा अनुभवी स्वारास द्यावा, नवशिक्यास देऊ नये, हे पागेतील जुने शहाणपण फायलींच्या प्रवासात कोठेतरी मागे राहिले. ब्रिटनकडून हॉक हे प्रशिक्षण-विमान आले ते २००८ मध्ये.

लळ्याच्या या हिशेबात एका वर्गाचे नाव सहसा येत नाही, आणि ते नाव पुन्हा सांबऱ्याशी निगडित आहे. वैमानिक विमानात दिवसाला एक-दोन तास बसतो. उरलेला सारा वेळ ते विमान ज्यांच्या हातांत असते ते तंत्रज्ञ वायुसैनिक. एखाद्या विमानाचे इंजिन थंडीत कसे कुरकुरते, कोणत्या चाकाचा ब्रेक आधी तापतो, कोणत्या झाकणाचा स्क्रू दोनदा आवळावा लागतो, हे त्यांना आधी ठाऊक असते. वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो आणि सही करून परत देतो. ते परत आले नाही तर ती वही अर्धी राहते, आणि धावपट्टीच्या कडेला चाकाचे ठोकळे घेऊन उभा असलेला माणूस अंधार पडेपर्यंत तेथून हलत नाही. छांबच्या संध्याकाळी पठाणकोटला असे चार जण उभे असतील. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात आलेली नाहीत.

अशा वायुसैनिकांना घडविणारे विद्यालय सांबऱ्यास आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण मुले येथे येतात, पठाराच्या वाऱ्यात कवायत करतात, आणि शिक्षण संपले की दूरच्या तळांवर जातात. २०२२ च्या डिसेंबरात नव्या योजनेतील अग्निवीरवायूंची पहिली तुकडी येथेच दाखल झाली. १९६१ च्या डिसेंबरात बांबोळीवर गेलेल्या हंटरांचे १७ क्रमांकाचे स्क्वाड्रन पुढे मिग-२१ वर गेले, मध्यंतरी काही वर्षे विसर्जित झाले, आणि आज अंबाल्यास राफेल विमाने चालविते. त्या विमानांत संगणक वैमानिकाच्या बहुतेक चुका हवेतच सावरतो. सांबऱ्याच्या माळावरून आता मुख्यतः प्रवासी विमाने उठतात.